मदत हवी आहे: स्कॉच बॉयलरचे स्टे (पत्रे धरून ठेवणारे दांडे) झिजलेत. बदलावेत की दाब उतरवावा?

नमस्कार मंडळी,

मी डिझेलवाला मरीन इंजिनिअर. सध्या बोट सोडून स्कॉटलंडमध्ये किनाऱ्यावर नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी क्लाइड नदीवरच्या एका जतन केलेल्या वाफेच्या जहाजावर स्वयंसेवक म्हणून हात काळे करतो. सर्वेचा (तपासणीचा) अहवाल अजून समितीपुढे आहे, म्हणून जहाजाचं नाव देत नाही.

ट्रिपल एक्स्पान्शन इंजीन (तीच वाफ एकापाठोपाठ तीन सिलिंडरांत पसरते), एकच स्कॉच बॉयलर (आडवं पिंप, पोटातच भट्ट्या), तीन भट्ट्या, तेलावर चालणारा. कामाचा दाब चौरस इंचाला 180 पौंड. इंजीन वयाच्या मानाने ठणठणीत निघालं. मेन बेअरिंगांचे क्लिअरन्स शिशाची तार दाबून घेतले, एका बेअरिंगला व्हाइट मेटल पुन्हा ओतावं लागेल. लो प्रेशरच्या, म्हणजे शेवटच्या सिलिंडरच्या, पिस्टन रॉडवर ओरखडे आहेत, तो लेथवर जाईल. विषय संपला.

डोकेदुखी बॉयलरची आहे. शेलची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजली, व्यवस्थित आहे. भट्ट्यांचे व्यास जुन्या नोंदींशी ताडून पाहिले, कुठे फुगवटा नाही. त्याचं श्रेय मी हॉटवेलच्या (वाफेचं परत झालेलं पाणी साठतं ती टाकी) फिल्टरला देतो. सिलिंडरचं तेल बॉयलरमध्ये जाऊन भट्टीच्या माथ्यावर बसू नये म्हणून त्यात चक्क वाळलेल्या घोसाळ्याची जाळी भरतात, आपण अंग घासायला वापरतो तीच!

पण कंबश्चन चेंबरच्या (भट्ट्यांमागची ज्वाळांची पेटी) मागच्या भिंतीचे स्क्रू स्टे पाण्याच्या बाजूने, पत्र्याला लागून, मानेशी बारीक झालेत. मधली काही वर्षं जहाज उभं होतं आणि बॉयलर ना पूर्ण भरलेला ना पूर्ण कोरडा, असा ठेवला होता म्हणे. सर्वेअर चेंबरमध्ये शिरला, मी मागून दिवा धरून. तो एकेका स्टेवर हातोडी मारत गेला. चांगला स्टे खणकन वाजतो, हातोडी उसळते. काहींवर नुसतंच ढब्ब. तिथे खडूची फुली. खालच्या दोन ओळींत फुल्याच फुल्या.

त्याने दोन वाटा सांगितल्या: फुलीवाले स्टे बदला, नाहीतर दाब 140 पौंडांवर आणा. समितीचा कल 140 कडे, कारण उघड आहे, पैसे. शिवाय क्लाइडवरच्याच 'वेव्हरली' या वाफेच्या जहाजाची धास्ती सगळ्यांनीच घेतली आहे. बॉयलरपायी तिचा 2019 चा अख्खा हंगाम बुडाला, नव्या बॉयलरांसाठी 23 लाख स्टर्लिंग पौंडांचं आवाहन करावं लागलं आणि ती परत फिरायला लागली ती थेट ऑगस्ट 2020 मध्ये. इंजीन मात्र तिचं जन्मापासूनचंच आहे.

माझा प्रश्न: 140 ला इंजीन कसं वागेल? वेग किती जाईल? सध्या 12 नॉट सहज मिळतात. सिंदिया किंवा मुघल लाइन या जुन्या जहाज कंपन्यांच्या वाफेच्या बोटींवर काम केलेलं कुणी इथे आहे का? इचलकरंजीकडे सायझिंगचे (सुताला खळ देण्याचे) बॉयलर हाताळलेले असतील तरी चालेल, स्टेचं दुखणं सगळीकडे सारखंच.

प्रतिसाद:
यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचतोय. घोसाळं भारी.

प्रतिसाद:
मी स्टीमवर सेकंड इंजिनिअर होतो, आता निवृत्त. दाब निरपेक्ष धरा, म्हणजे गेजच्या आकड्यात हवेचे 15 पौंड मिळवून 195 चे 155. सिलिंडरांतला सरासरी दाब साधारण त्याच प्रमाणात पडतो, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. लो प्रेशरला जरा जास्त फटका, कारण कंडेन्सरचा व्हॅक्यूम आहे तोच राहणार. प्रॉपेलरचा टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाने बदलतो, तेव्हा फेऱ्या दहा-अकरा टक्के उतरतील, वेगही जवळपास तेवढाच. 12 चे पावणेअकरा धरा. शक्ती मात्र 30 टक्क्यांच्या आसपास जाईल. लिंक (सिलिंडरात वाफ किती वेळ सोडायची ते ठरवते ती) थोडी बाहेर सोडून काही परत मिळवाल, पण मग वाफ जास्त खाईल.

वेगाचं सोडा हो, सेफ्टी व्हॉल्व्हचा विचार कुणी केलाय का? कमी दाबाची वाफ जागा जास्त घेते. त्याच व्हॉल्व्हमधून वजनाने कमी वाफ सुटते आणि भट्ट्या तर तेवढ्याच पेटणार. नुसती स्प्रिंग सैल करून भागत नाही, व्हॉल्व्ह पुरतो का ते सर्वेअरकडून तपासून घ्या. बॉयलर वाफेबरोबर पाणीही जास्त उचलेल, गेज ग्लासवर नजर ठेवा.

माझं मत विचाराल तर स्टे बदला. मान झिजायची ती 140 लाही झिजतेच. पुढच्या सर्वेला 120 सांगतील, मग धक्क्यावर बांधून तिकिटं विका.

धागाकर्ता:
काका, मनापासून आभार. सेफ्टी व्हॉल्व्हचा मुद्दा आमच्या एकाही बैठकीत निघाला नव्हता, उद्याच लेखी देतो.

आता पुढचं. जुने स्टे काढले की पत्र्यातले आटे खराब झालेले निघणार. मग भोक मोठं करून नवे आटे पाडायचे आणि जाड स्टे घालायचे, की वेल्डिंगचे स्टे बसवायचे? इथला फोरमन वेल्डिंगच्या बाजूने आहे, मला जुन्या पत्र्याच्या पोलादाची खात्री वाटत नाही. पत्र्याचा तुकडा तपासणीला द्यावा म्हणतोय. तुमच्या वेळी काय करायचे? गेल्या हंगामातली इंडिकेटर कार्डं (सिलिंडरांतल्या दाबाचे आलेख) सापडली की तिन्ही सिलिंडरांचे आकडे इथेच टाकतो, तुमचा हिशेब ताडून बघता येईल.