'श्रावणमासी हर्ष मानसी'चं वृत्त कोणतं? मात्रा जुळत नाहीयेत

प्रश्न:
बालकवींच्या या कवितेच्या रचनेवर लिहायचंय आणि दोन दिवस पहिल्या दोन ओळींतच अडकलोय. आधी गण (तीन-तीन अक्षरांचे गट) पाडून बघितले, काहीच बसेना, मग अक्षरं मोजली तर पहिलीत २० नि दुसरीत २२, शेवटी मात्रा (लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षराची १, गुरू म्हणजे दीर्घाची २) मोजल्या तर पहिलीत ३१ आणि दुसरीत ३०. म्हणताना ठेका कुठेच चुकत नाही, मग कागदावर का चुकतोय?

प्रतिसाद १:
'चोहीकडे' असं धरून मोजलंत ना? तिथे 'चोहिकडे' हवं, हि ऱ्हस्व, की झाल्या ३०. गणवृत्त नाहीच हे, मात्रावृत्त आहे, हरिभगिनी, ८+८+८+६. श्रावणमासी । हर्ष मानसी । हिरवळ दाटे । चोहिकडे. 'हर्ष'मधल्या ह वर पुढच्या जोडाक्षराचा आघात येतो म्हणून तो गुरू.

प्रतिसाद २:
नुसतं वृत्ताचं नाव लिहून थांबू नका प्लीज, खरी मजा पुढे आहे. 'क्षणात येते सरसर शिरवे' मोठ्याने म्हणून बघा. 'सरसर शिर' हे सहा लघु एकापाठोपाठ येतात, जीभ धावायला लागते आणि 'वे'वर टेकते, म्हणजे सर येऊन गेलीसुद्धा! आणि 'क्षणात' लघु-गुरू-लघु आहे, 'श्रावण'सारखं पहिल्याच अक्षरावर वजन नाही, त्यामुळे ओळ एकदम दचकून सुरू होते, आणि तेच 'क्षणात' तिसऱ्या आवर्तनाच्या (म्हणजे आठ मात्रांच्या गटाच्या) तोंडाशी परत येतं, तेव्हा पाऊस जाऊन ऊन आलेलं असतं. शेवटचं आवर्तन सहाचंच, म्हणजे 'ऊन पडे' म्हटल्यावर दोन मात्रा रिकाम्या राहतात, तिथे आपोआप थांबायला होतं. मला ती जागा फार आवडते. 'मासी-मानसी' हे आतलं यमकही लिहा, ते बरोब्बर आठव्या आणि सोळाव्या मात्रेला पडतं.

प्रश्नकर्ता:
बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं, दोघांचे खूप आभार. इंद्रधनूची ओळ आता बरोबर ३० आली पण 'नभोमंडपी कुणी भासे'ला परत एक मात्रा जास्त होतेय, शेवटी ७.

प्रतिसाद १:
'कुणि' करा. गद्यात आपण शेवटचा णी दीर्घ लिहितो, पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्व चालतो.