बीहडात कृष्णधवल ‘बी-वेस्टर्न’: दोन दिवस, चार घोडे. जमेल का?

कंपूकर (ग्वाल्हेर)

आमच्या गटाला १२ मिनिटांची कृष्णधवल फिल्म करायची आहे. गोष्ट चंबळच्या बीहडातलीच (नदीकाठच्या मातीच्या घळींतली), पण धाटणी १९३०-४० च्या दशकांतल्या हॉलिवूडच्या स्वस्त वेस्टर्नची, म्हणजे मोनोग्राम, रिपब्लिक, कोलंबिया या स्टुडिओंच्या तासाभराच्या चित्रपटांची. हाताशी वरातीचे चार घोडे, कॅमेरा लावायला एक उघडी जीप, १०-बिट (म्हणजे जास्त छटा धरणारं) चित्रण करणारा कॅमेरा आणि दोन दिवस. अडचणी अशा: घोडे मध्यम दौडीच्या पुढे जात नाहीत, मग पाठलागाला वेग कसा आणायचा? दिवसा चित्रण करून रात्र दाखवायला लाल फिल्टर घ्यावा का? आणि चार घोड्यांत आठ जणांची टोळी कशी भरायची?

जुनी रीळ

हॉलिवूडवाल्यांचे घोडे चांगले पळणारे होते, तरीही पाठलाग बहुधा कमी फ्रेमने टिपलेला असे. सेकंदाला २४ ऐवजी २०-२२ फ्रेम टिपायच्या आणि २४ ने दाखवायच्या. धावण्याच्या तुकड्यांत संवाद नसत, आवाज मागाहून चढे, म्हणून खपून जाई. तुम्ही २५ ने दाखवणार असाल तर २१ ने टिपा, वेग १९ टक्के वाढेल. २२ ने टिपलंत तर १४ टक्के. त्यापुढे जाऊ नका. चुगली घोडा करत नाही, स्वाराची कोपरं आणि उडणारा साफा करतात. मागे कोणी पायी चालत असेल तर सगळं प्रहसनच होतं.

कॅमेऱ्यात २१ चा पर्याय नसला तर लोक २५ ने टिपून संकलनात ११९ टक्के वेग देतात. मग साधारण दर सहावी फ्रेम गळते आणि घोडा अडखळल्यासारखा दिसतो. त्याऐवजी ५० ने टिपा, संकलनात ती क्लिप २५ ची धरा आणि २३८ टक्के करा. गळती तिथेही आहे, पण धक्का निम्म्यावर येतो. शटर मात्र १/५० च्या आसपास ठेवा. १/१०० केलंत तर हालचालीतला धूसरपणा जातो आणि टापा तुटक वाटतात.

जागेचा हिशेब: मध्यम दौड ताशी २० किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. पडद्यावर ८ सेकंद हवेत तर २१ फ्रेमने साडेनऊ सेकंद टिपावं लागेल, म्हणजे ५२ मीटर. वेग धरायला ३० आणि थांबायला ४० मीटर सोडा. सव्वाशे मीटरचा सपाट पट्टा पुरतो.

लांब लेन्स समोरून लावू नका, घोडा पळतोय पण जवळ येत नाही असं दिसतं. बाजूने, गुडघ्याच्या उंचीवरून टिपा आणि मध्ये दोन-तीन झुडपं येऊ द्या. निम्मा वेग त्या झुडपांमुळेच भासतो.

मुरारकर

लाल फिल्टर त्या काळच्या फिल्मसाठी ठीक होता. २५ नंबरचा लाल तीन स्टॉप प्रकाश खातो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) आणि निळं आकाश काळं करतो. रात्रीसाठी २३ए लाल आणि ५६ हिरवा अशी जोडी वापरत, आकाश पडतं पण चेहरे भुतासारखे पांढरे होत नाहीत. तुमच्या सेन्सरवर मात्र चारातला एकच ठिपका लाल असतो. नुसता लाल प्रकाश आत सोडलात तर तपशील जातो आणि दाणे वाढतात.

रंगीतच टिपा. संकलनात कृष्णधवल करताना रंगांचं मिश्रण लाल ९०, हिरवा ३०, निळा उणे २० टक्के इथून सुरू करा, बेरीज १०० राहू द्या. निळा उणे ४० च्या खाली नेला की १०-बिटमध्येही आकाशावर डाग पडू लागतात.

कॅमेऱ्यात एकच स्टॉप कमी ठेवा, उरलेला अंधार संकलनात करा. सगळा कॅमेऱ्यातच केलात तर सावल्यांत गाळ साचतो, तो निघत नाही. सूर्य पात्रांच्या मागे, जरासा बाजूला हवा, तोच चंद्र. कंदील दिवसा पेटलेला दिसतच नाही, आत तेजस्वी एलईडी बसवा.

यात सगळे फसतात ते कपड्यांत. या मिश्रणात लाल साफा जवळजवळ पांढरा होतो, निळा सदरा काळा. ओठ गायब होतात, त्यांना गडद तपकिरी छटा लावा. आदल्या दिवशी प्रत्येक कपड्याचा एकेक फोटो काढून हेच मिश्रण लावून बघा.

आणि एप्रिल-मेमध्ये हे करूच नका. आपल्याकडे तेव्हा आकाश निळं नसतं, धुळीने पांढरं असतं, आणि पांढऱ्याला कुठलंच मिश्रण काळं करत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुकं वेळ खातं.

तिसरी घंटा

जागेबद्दल कोणी बोललं नाही. लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थचं आयव्हर्सन रँच इतकं वापरलं गेलं, कारण तिथे वालुकाश्माचे प्रचंड खडक होते आणि सकाळी निघालेलं युनिट संध्याकाळी घरी परतत असे. बीहडात खडक नाहीत, तिथे मातीच्या कपारी आहेत. कडा आतून पोखरलेला असतो, पावसानंतर तर हमखास ढासळतो. काठापासून पाच-सहा मीटर आतच घोडा चालवा. दडून गोळ्या झाडण्याचे प्रसंग ग्वाल्हेरजवळच्या एखाद्या बंद दगडखाणीत, मालकाला विचारून करा. दोन्हीकडे मातीचा रंग वेगळा असला तरी कृष्णधवलमध्ये जोड कळत नाही. नदीकाठ चंबळच्या घडियाल (सुसर) अभयारण्यात येतो, तिथे वनविभागाची परवानगी लागते. घोडे पडद्यावर आणायचे तर भारतीय पशुकल्याण मंडळाची पूर्वपरवानगी हवी. अर्ज काही आठवडे आधी करा.

घोडा पाडायचा विचार असेल तर सोडा. पुढच्या पायांना तारा बांधून पाडण्याची जुनी पद्धत क्रूर होती आणि त्यात घोडे मरत. स्वार पडताना दाखवा, पुढचा तुकडा मोकळ्या घोड्याचा जोडा.

बंदुका लाकडाच्या किंवा टिकल्यांच्या. भिंड-मुरैनात कोणी आपुलकीने परवान्याची खरी बंदूक देऊ करेल, हात जोडून नाही म्हणा. जवळच्या ठाण्यावर तारीख-वेळेचं पत्र आधीच द्या, नाहीतर दुरून दिसणाऱ्या चार बंदुकधाऱ्यांचा अर्थ गाव वेगळाच लावेल.

कंपूकर

मिश्रण करून पाहिलं. नायकाचा साफा खरंच पांढरा झाला, आता बदामी घेतोय. टोळीचं राहिलं. आणि जीपच्या धुळीचं काय?

जुनी रीळ

टोळीसाठी कोलंबियाच्या ‘दुरँगो किड’ मालिकेकडे बघा. नायक चार्ल्स स्टॅरेट काळ्या पोशाखात, तोंडाला रुमाल. त्यामुळे जॉक महोनीसारखा स्टंटवाला त्याच्या जागी खपे आणि जुन्या चित्रपटातला धावता तुकडा नव्यात चिकटवता येई. तुमच्या डाकूंना एकसारखी घोंगडी आणि तोंडावर फडकं द्या. घोडेवाल्यांनाच ते कपडे चढवून स्वार करा, नटापेक्षा ते घोडा चांगला सांभाळतील. मग त्याच चौघांना त्याच वळणावरून दोनदा न्या. पहिल्यांदा कॅमेरा जमिनीलगत, दुसऱ्यांदा उंचावर, क्रम बदलून. पांढऱ्या कपाळाचा घोडा असेल तर तो नायकाला, टोळीत चुकूनही नको, प्रेक्षक त्यालाच मोजतो.

दिशा सांभाळा. पळणारे डावीकडून उजवीकडे तर मागचेही तसेच. कॅमेरा एकदा लावला की त्या जागेवरून दिसणारं सगळं, पहिल्या प्रसंगाचं आणि शेवटच्याही, एकदमच टिपून घ्या. गोष्टीच्या क्रमाने गेलात तर दोन दिवस कॅमेरा उचलण्यातच जातील. प्रत्येक घोड्याला तीन-चार फेऱ्यांनंतर सावली आणि पाणी. वरातीचा घोडा बँडला बुजत नाही, पण टिकलीचा आवाज कानाशी आला की बिथरतो. फटाके घोड्यांशिवायच्या तुकड्यांतच वाजवा.

जीप वाऱ्याच्या खालच्या अंगाला, घोड्यांच्या किंचित पुढे. टायरची हवा २० पौंडांवर आणा, धक्के कमी बसतात, डांबरी रस्त्यावर यायच्या आधी पुन्हा भरा. पाणी फक्त जीपच्या चाकोरीवर शिंपडा. घोड्यांचा पट्टा कोरडाच हवा, त्यांची धूळ तर दिसलीच पाहिजे.

मुरारकर

टापांसाठी नारळाच्या दोन करवंट्या, पण फरशीवर आपटू नका, तो शहरातला टांगा वाटतो. घमेल्यात बीहडचीच माती चार बोटं भरून तिच्यावर वाजवा, करवंटीत फडकं कोंबून. चार घोड्यांसाठी चारदा ध्वनिमुद्रण करा. एकच पट्टी चारदा डकवलीत तर कवायत ऐकू येते.