मदत हवी आहे : जाळं कापून कासव सोडलं, भरपाई कशी मिळते?

मंडळी एक मदत हवी होती, आमचं गाव दापोली साइडला, काकांची छोटी होडी आहे. परवा त्यांच्या जाळ्यात भलंमोठं कासव अडकलं, बहुतेक ऑलिव्ह रिडलेच, सोडवायला गेले तर पायाला दोरा करकचून बसलेला, मग काय, जाळंच कापलं आणि दिलं सोडून. पोरांनी मोबाईलवर व्हिडिओ काढलाय ते एक बरं झालं.

आता मी वाचलंय की 2018 च्या डिसेंबरपासून सरकारची योजना आहे, कासव, डॉल्फिन, देवमासा असं काही वाचवायला जाळं कापलं तर जास्तीत जास्त 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पण अर्ज द्यायचा कुठे, मत्स्यव्यवसाय विभागाकडे की कांदळवन कक्षाकडे (वनविभागाचा, खारफुटीचं काम बघणारा)? होडीची कागदपत्रं काय काय लागतात? कापलेलं जाळं दाखवावं लागतं का, कारण काका ते शिवायला बसलेत आणि ऐकत नाहीत 😅

आणि दुसरं म्हणजे कासव सोडताना एकदम मलूल होतं. कासवाला फुफ्फुसं असतात, जास्त वेळ पाण्याखाली अडकलं तर गुदमरतं, मग अशाला लगेच पाण्यात सोडायचं की थोडा वेळ होडीत सावलीत ठेवायचं? डहाणूला उपचार केंद्र आहे म्हणतात पण आमच्याकडून ते फारच लांब पडतं, रत्नागिरी जिल्ह्यात कोणाला फोन करायचा?

ज्यांनी स्वतः अर्ज केलाय त्यांनी प्लीज सांगा, ऐकीव नको.