उ.: सेन्सरवर फट आली की गाडी गायब

मॉडेल रेल्वेत एखादा ब्लॉक (रुळांचा स्वतंत्र वीज दिलेला तुकडा) गाडीने व्यापलाय का, हे ओळखायला रुळांमध्ये आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर बसवा, असं इथे सुचवलं गेलं. तो उपाय स्टेशनात गाडी नेमकी थांबवायला झकास आहे. पण अख्खा ब्लॉक मोकळा आहे का, हे त्यावरून कळत नाही. दोन डब्यांमधली फट सेन्सरवर आली की सिग्नल बिनधास्त हिरवा! तिथे गाडी रुळांतून घेते तो करंट ओळखणंच बरं.

डीसीसी (रुळांत कायम वीज ठेवून इंजिनांना डिजिटल आज्ञा देणारी पद्धत; यात विजेची दिशा सतत बदलते) असेल तर सोपं आहे. ब्लॉकच्या फीडर वायरमध्ये (रुळांना वीज देणाऱ्या तारेत) ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे चार डायोडांचा तयार भाग, घाला. त्याचे प्लस-मायनस एकमेकांना जोडा आणि वायर दोन एसी टोकांमधून न्या. दोन्ही दिशांना दोन-दोन डायोड मिळतात. इंजिन आलं की त्यांवर साधारण 1.4 व्होल्ट पडतात, तेवढ्यावर त्याच दोन टोकांना जोडलेला, दोन्ही दिशांनी चालणारा ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या मदतीने सिग्नल पलीकडे देणारा भाग) जागा होतो. सिग्नल चालवणारा अर्डुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) त्यामुळे रुळांच्या विजेपासून वेगळाही राहतो. रेक्टिफायर मात्र बूस्टरचा (रुळांना डीसीसी वीज पुरवणाऱ्या यंत्राचा) शॉर्ट-सर्किट करंट सोसणारा घ्या.

खरी डोकेदुखी शेवटच्या डब्याची, कारण तो करंट खातच नाही. त्याच्या आसावर, चाक आसापासून विजेने वेगळं ठेवणाऱ्या प्लास्टिक बुशजवळ, 10 किलोओहमचा एसएमडी (चिमुकला, तारा नसलेला) रेझिस्टर चिकटवा आणि कंडक्टिव्ह (वीज वाहणाऱ्या) पेंटने एक टोक आसाला, दुसरं चाकाला जोडा. 14 व्होल्टला जेमतेम 1.4 मिलिअँपिअर मिळतात, म्हणून ऑप्टोकपलरच्या आउटपुटचा पुलअप (आउटपुटला प्लसकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) मोठ्या ओहमचा ठेवा. दोन आसांना रेझिस्टर लावले तर आणखी भरवसा.

चाकं मळकी असली की सिग्नल फडफडतो. कोडमध्ये 'व्यापलेला' लगेच धरा, 'मोकळा' मात्र सेकंदभर थांबून.

साध्या डीसीवर थ्रॉटल (वेगाचं बटण) शून्य केला की रुळांत वीजच उरत नाही आणि ही पद्धत आंधळी होते, हे लक्षात असू द्या.