पक्षिनिरीक्षण गटाच्या संकेतस्थळासाठी वर्डप्रेस डॉट कॉम घ्यावे की स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस बसवावे?

ऐरोलीकर:
नमस्कार. ठाणे खाडीच्या काठावर पक्षिनिरीक्षण करणारा आमचा ऐरोलीतील छोटा गट आहे. आमच्या नोंदी आणि छायाचित्रे व्हॉट्सॲपवर विखुरलेली आहेत. २०२२ मध्ये खाडीला रामसर क्षेत्राचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाल्यानंतर शाळा आणि नवे निरीक्षकही आमच्याकडे माहिती मागू लागले, म्हणून सर्व काही मराठीत एका संकेतस्थळावर आणायचे ठरले आहे. त्यासाठी वर्डप्रेस हे संकेतस्थळ बनवण्याचे सॉफ्टवेअर वापरावे यावर एकमत आहे; मात्र वर्डप्रेस डॉट कॉमवर खाते उघडावे, की वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर घेऊन भाड्याच्या होस्टिंगवर (संकेतस्थळ ठेवण्यासाठी घेतलेल्या सर्व्हरवरील जागेवर) बसवावे, यावर मतभेद आहेत. दोन्ही बाजू आपलाच मार्ग फुकट असल्याचे सांगतात. गटात संगणकक्षेत्रातील सभासद एकच आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

नौपाडा_वाचक:
दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे खरे आहे. २००३ मध्ये सुरू झालेले वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली सर्वांसाठी मोफत आहे, पण ते जिथे बसवाल त्या होस्टिंगचे आणि डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या स्वतःच्या पत्त्याचे, पैसे दरवर्षी भरावे लागतात. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक या कंपनीची सेवा आहे. तेथे खाते मोफत उघडता येते, परंतु मोफत खात्यावर जाहिराती दिसतात आणि पत्त्याच्या शेवटी त्यांचेच नाव राहते.

माझ्या मते निर्णय खर्चावर न घेता देखभाल कोण करणार यावर घ्यावा. स्वतःच्या होस्टिंगवर बॅकअप घेणे, तो होस्टिंगबाहेर ठेवणे, तो खरोखर परत उभा राहतो का हे अधूनमधून तपासणे, प्लगइन (जादा सुविधा देणारे जोड-सॉफ्टवेअर) आणि थीम (मांडणीचा साचा) अद्ययावत ठेवणे आणि त्यातून काही बिघडले तर त्याच दिवशी दुरुस्त करणे ही सर्व कामे तुमचीच असतात. किरकोळ सुरक्षा-सुधारणा २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून आपोआप बसतात, हे खरे. पण कर्त्याने वाऱ्यावर सोडलेले एखादे जुने प्लगइन त्यामुळे सुरक्षित होत नाही. हे सारे एका सभासदावर टाकले आणि उद्या त्याची बदली झाली, तर संकेतस्थळ निराधार होईल. म्हणून डॉट कॉमची सशुल्क योजना घेऊन स्वतःच्या डोमेनवर सुरुवात करावी.

खारघर_डोंगर:
मी आदरपूर्वक असहमत आहे. या गटाला केवळ लेख छापायचे नाहीत, तर नोंदी साठवायच्या आहेत. जाती, ठिकाण आणि महिना यांनुसार नोंद शोधता यायला हवी असेल, तर नोंदींसाठी लेखांहून वेगळा मजकूर-प्रकार आणि त्याला साजेसे प्लगइन लागते, आणि वाटेल ते प्लगइन बसवण्याची मोकळीक डॉट कॉमच्या प्रत्येक योजनेत मिळेलच असे गृहीत धरू नये. अनेक वर्षांच्या निरीक्षणांचा डेटाबेस आपल्या हाती असणे मला फार मोलाचे वाटते. देखभालीची चिंता रास्त आहे, पण अद्ययावतीकरण आणि बॅकअप सांभाळणारे व्यवस्थापित होस्टिंगही मिळते. ते अनेक संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्या साध्या सामायिक होस्टिंगपेक्षा महाग असले, तरी डेटाबेस आणि फाइली कधीही उचलून दुसरीकडे नेता येतात.

घणसोली_खाडी:
मार्ग कोणताही घ्या, डोमेन एखाद्या सभासदाच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदवू नका. गटाचा स्वतंत्र ईमेल काढा आणि त्याचा पासवर्ड किमान दोघांकडे ठेवा.

ऐरोलीकर:
सर्वांचे आभार. डॉट कॉमवर सुरुवात करून पुढे स्वतःच्या होस्टिंगवर गेलो, तर काही गमवावे लागेल का?

नौपाडा_वाचक:
मजकूर गमवावा लागत नाही. लेख, पाने आणि प्रतिक्रिया एका एक्सएमएल फाइलमध्ये निर्यात होतात. छायाचित्रांबाबत मात्र सावध राहावे. त्या फाइलमध्ये छायाचित्रे नसून त्यांचे केवळ पत्ते असतात, आणि नव्या ठिकाणी आयात करताना जुन्या संकेतस्थळावरून ती ओढून घेतली जातात. त्यामुळे सर्व छायाचित्रे नव्या ठिकाणी आल्याची खात्री होईपर्यंत जुने खाते बंद करू नये. लेखांच्या पत्त्यांची रचनाही पूर्वीसारखीच ठेवावी, म्हणजे शाळांनी जपून ठेवलेले दुवे तुटणार नाहीत. पहिल्या दिवसापासून स्वतःचे डोमेन घ्या म्हणतो, ते यासाठीच.

मराठी शीर्षकांबाबत एक गोष्ट दोन्हीकडे लागू पडते. शीर्षकावरून लेखाचा पत्ता बनतो तेव्हा देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाची, म्हणजे काना-मात्रांचीही, नऊ-नऊ चिन्हे होतात, आणि पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा असल्याने साधारण २२ अक्षरचिन्हांनंतर तो मध्येच तुटतो. प्रकाशित करण्यापूर्वीच तेथे रोमन लिपीत पक्ष्याचे नाव आणि वर्ष इतकाच छोटा पत्ता लिहावा, कारण नंतर तो बदलला की आधी पाठवलेल्या दुव्यांचा भरवसा राहत नाही.