खडकाळ वावरात प्रॅक्टिससाठी बाणाचे टिकाऊ पॉइंट कोणते घ्यावे?

धुऱ्यावरचा नेमबाज
राम राम मंडळी. मी दारव्हा साइडचा. माझ्याकडे 30 पाउंड ओढीचा लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) हाय अन् बाण कार्बनचे, आतून 6.2 मिमी वाले. स्पर्धा बिर्धा काही नाही, संध्याकाळी वावराच्या कोपऱ्यात पोतं लावून 20-25 मीटरवरून मारतो, तेवढंच डोकं शांत होते. पण मागं सगळा मुरूम अन् गोटे हायेत, पोतं चुकलं का बाण सरळ गोट्यावर जाते. मग एक तं टोक चपटं होते नाही तं पॉइंट मागं सरकून नळीच फाटते. बाणासोबत जे पॉइंट आले होते ते निस्ते शोभेचे. आता नवीन घ्यायचे तं स्टेनलेस घ्यावं का पितळेचे का ते टंगस्टन म्हणतात ते? आटेवाले बरे का चिकटवायचे? अन् वजन 100 ग्रेन का 125? माझा चुलतभाऊ म्हणते ब्रॉडहेड घे, ते शिकारीचे, जाड पात्याचे असतात, मोडतच नाही. जाणकारांनी सांगा जरा.

कानसवाले काका
ब्रॉडहेडचा विषय सोडून दे, त्यावर दुसरं कोणी बोलेलच. मी लेथवर काम करतो म्हणून धातूचं सांगतो.
पितळ वजनाले चांगलं पण मऊ, गोट्यावर पहिल्याच दणक्यात टोक वाकते. टंगस्टन पार उलटं, कडक अन् जड, पण ठिसूळ, दगडावर तडकते. ते फोमच्या टार्गेटवर मारणाऱ्यांसाठी असते, बारीक नळीत जास्त वजन बसवायचं असलं तं. नागपूरच्या ओजस देवतळेनं 2023 मध्ये बर्लिनला 150 पैकी 150 मारून वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली तवापासून आमच्या इकडच्या पोराईले सगळं त्याच्यासारखंच पायजे, पण तो काही मुरमावर मारत नाही ना राजा.
तुले साधं स्टील घे, पण कडक केलेलं, म्हणजे पाणी दिलेलं. दुकानात ‘हार्डन्ड’ लिहिलेलं असलं तरी भरवसा नको ठेवू, घरी आणल्यावर एका पॉइंटवर कानस घासून पाय. कानस घसरली तं माल कडक, कानसनं खरवडून भुगा निघाला तं मऊ लोखंड हाय, वरून फक्त निकेल चमकते. स्टेनलेसचा फायदा एवढाच का पावसाळ्यात गंजत नाही, ते कडक असतेच असं नाही. अन् बऱ्याच स्टेनलेसले लोहचुंबक धरत नाही, साधं स्टील धरते. गवतात बाण घुसून गायब झाला का काठीले चुंबक बांधून फिरवता येते, हे मले तं मोठं सोयीचं वाटते. गंजाचं म्हणशील तं शिलाई मशीनचं तेल दोन थेंब पुसून ठेवायचं, झालं.

अंबानगरीची ताई
काकांचं बरोबर आहे पण भाऊ तुझा प्रॉब्लेम पॉइंटचा कमी अन् जोडाचा जास्त आहे. पॉइंट मागे सरकून नळी फाटते म्हणजे दणका सगळा कार्बनच्या काठावर येतो. पॉइंट असा घे की त्याचा खांदा नळीच्या बाहेरच्या मापाएवढा किंवा केसभर जास्त असेल, कमी नको. कमी असला की कार्बनची कडा उघडी राहते अन् तिथूनच चिरते. थोडा जास्त असला तर पोत्यातून बाण काढायलाही सोपं जातं.
आटेवाले घे, म्हणजे नळीच्या आत इन्सर्ट (आट्यांचा छोटा तुकडा) चिकटवलेला असतो अन् पॉइंट बदलता येतो, तुझ्यासारख्याला तेच परवडेल. फक्त ते मारता मारता ढिले होतात. नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप आट्यांवर एक वेढा दे. इन्सर्ट हॉट मेल्टने (गरम करून लावायच्या गोंदाने) बसवला तर काढता येतो, पण आपल्या इथल्या मे महिन्यात बाण गाडीत किंवा टिनाखाली राहिले की तो गोंद नरम पडतो, पॉइंट पोत्यातच राहतो अन् रिकामी नळी हातात येते. इपॉक्सीने बसवला तर जागचा हलत नाही, पण मग तो कायमचाच समज. अन् हॉट मेल्टवाला काढायचा असेल तर कार्बनला गॅसवर धरू नको, उकळत्या पाण्यात टोक बुडवायचं. आच लागली की कार्बनमधला राळ जळतो, वरून काही दिसत नाही पण नळी आतून कमजोर होते.
ग्रेनचं म्हणशील तर आधी जे वजन होतं तेच घे. 125 लावलं की बाण जास्त वाकतो, मऊ बाणासारखा वागतो, उजव्या हाताने ओढत असशील तर उजवीकडे जायला लागेल अन् तू म्हणशील नेम बिघडला. 30 पाउंडाला 100 पुष्कळ झालं.
अन् हे मात्र मनावर घे. गोट्यावर आदळलेला कार्बन बाण तसाच परत लावायचा नाही. दोन्ही टोकं धरून कानाजवळ थोडा वाकवायचा, फिरवून फिरवून, कर्रकन आवाज आला किंवा बोटाला कुस लागली की तो मोडून फेकायचा. सुटताना नळी फुटली तर त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. आमच्याकडे नवीन पोरांना नेमाच्या आधी हेच शिकवतो.
ब्रॉडहेड नको. पोतं चार दिवसांत फाडेल, काढताना हात कापेल, अन् तुमच्या भागात जंगल जवळ असेल तर फॉरेस्टवाल्यांना काय सांगशील? 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीचा प्रयत्न पण शिकारच धरतात.

झाडीपट्टी एक्सप्रेस
कार्बनचं एवढं कौतुक काहून करता बाप्पा. आमच्या गडचिरोली साइडले बांबूचे बाण, पॉइंट लोहाराकडून. खोबणीचा बनवून घ्यायचा, म्हणजे बांबू लोखंडाच्या आत जाते, दणका लागला तरी बांबू चिरत नाही, वरून लोखंडाचा वेढा असते ना. मोडला तं पुढचा वीतभर बांबू कापून पॉइंट परत बसवायचा, बाण आखूड होते तेवढाच. इंडियन राऊंड (देशी धनुष्याची स्पर्धा) खेळणारे पण बांबूचे बाण वापरतात. फक्त लोहाराचे पॉइंट एका वजनाचे नसतात, त्यामुळे बाण वरखाली जाते. त्याच्यावर उपाय म्हणजे ओळखीच्या सोनाराकडे जाऊन काट्यावर तोलायचे, 100 ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅम, 125 म्हणजे आठच्या जरा वर. जड निघाला तो मागून घासायचा, टोकाकडून नाही. सोनार पहिले हसते, मग त्यालेच मजा येते.
विकतचे लाकडी बाणाचे पॉइंट घेशील तं आतून 5 डिग्रीचा उतार असते, लाकूड तेवढंच निमुळतं करावं लागते, नाही तं पॉइंट वाकडा बसते.

पऱ्हाटीतला वाघ
कितीबी कडक पॉइंट आण भाऊ, गोटा तं गोटाच राहते. पैसे मागच्या बंदोबस्तावर लाव. खताच्या पोत्यात जुने कपडे ठासून भर, चेन अन् हूक काढून, नाही तं पॉइंट तिथंच अडकते. संत्रा नाही तं भाजीपाल्याच्या वावरातला जुना मल्चिंग पेपर भेटला तं अजूनच मस्त, पूर्ण बाण जिरवते. पोत्याच्या मागं अन् दोन्ही बाजूनं काळ्या मातीचा ढीग टाक, गोटे वेचून. उन्हाळ्यात ती माती वाळून दगडासारखीच होते म्हणून संध्याकाळी दोन बकेट पाणी मारायचं. अन् वेचणी चालू असली का बंद ठेव बाबा, पऱ्हाटीत वाकलेली बाई दिसत नाही.

धुऱ्यावरचा नेमबाज
ताई, तुमचं वाचल्यावर सगळे बाण वाकवून पायले, त्यातल्या काहीचा आवाज आला, ते मोडून टाकले. आता 100 ग्रेनचे आटेवाले कडक स्टीलचे मागवतो, आले का कानस लावून पायतो. वेचणीचं ध्यानात ठेवलं, इकडं बकऱ्यावाले पण फिरतात. ढिगासाठी माती भेटते पण मल्चिंग पेपर नाही, तं पोत्यात सोयाबीनचं कुटार भरलं तं चालते का?

पऱ्हाटीतला वाघ
निस्तं कुटार नाही चालत, बाण आरपार जाते. मधात कपडे अन् बाजूनं कुटार असं भर, अन् पायानं दाबून दाबून. पण कुटार खडखडीत वाळलेलं पायजे, ओलं भरलं तं आतून तापते, सडते, अन् मग उंदरं येतात.

कानसवाले काका
अन् पॉइंट घेताना दोन-चार जास्तीचे घे, एकाच खेपेचे. नंतर वेगळ्या खेपेचे आणले का वजनात फरक येतेच.