थर्मोस्टॅट बंद असूनही शयनखोलीची फरशी गरम राहते

प्रश्न
आमच्या घरात फरशीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवलेले आहेत. मॅनिफोल्डवर (गरम पाणी वाटून देणाऱ्या जोडणीवर) सहा लूप, म्हणजे फरशीखालून फिरून परत येणारे पाइप, असून प्रत्येकाला स्वतंत्र थर्मोस्टॅट आणि व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा अ‍ॅक्च्युएटर आहे. मागच्या शयनखोलीचा थर्मोस्टॅट आठवडाभर बंद ठेवूनही तेथील फरशी २७ अंशांच्या खाली उतरत नाही. मधल्या बोळाखाली तर एकही लूप नाही, पण तोही गरमच असतो. शयनखोलीचा थर्मोस्टॅट बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. बॉयलरचे तापमान उतरवून पाहावे का?

पहिले उत्तर
तूर्त उतरवू नका; सगळेच घर गार पडेल आणि मूळ दोष झाकला जाईल. थर्मोस्टॅट केवळ मागणी कळवतो, पाणी अडवण्याचे काम मॅनिफोल्डवरचा व्हॉल्व्ह करतो. त्यामुळे शयनखोलीच्या लूपमधून पाणी वाहते आहे की नाही, एवढेच आधी ठरवावे. दुसऱ्या एखाद्या खोलीची मागणी चालू ठेवा, म्हणजे पंप फिरत राहील, आणि दहा मिनिटांनी शयनखोलीच्या लूपचा फ्लो मीटर (पाण्याचा प्रवाह दाखवणारा मापक) पाहा. एवढे थांबायचे कारण असे की आतले मेण तापून-निवून चालणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला उघडायला किंवा मिटायला काही मिनिटे लागतात. फरशीला हात लावून मात्र काही ठरवू नये. काँक्रीटचा थर तासन् तास ऊब धरून ठेवतो.

प्रवाह दिसलाच, तर अ‍ॅक्च्युएटर काढून त्याजागी मॅनिफोल्डसोबत येणारी प्लास्टिकची टोपी पूर्ण आवळा. प्रवाह थांबला तर अ‍ॅक्च्युएटर सदोष आहे; न थांबल्यास व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला असावा किंवा ती झिजली असावी.

दुसरे उत्तर
वायरिंगची अदलाबदल झाली आहे का, हेही पाहून घ्यावे. एकेक थर्मोस्टॅट चढवत जावे आणि कोणता अ‍ॅक्च्युएटर उचलला जातो ते मॅनिफोल्डजवळ उभे राहून पाहावे. कंटाळवाणे काम आहे, पण दोन खोल्यांच्या वायरी उलट जोडलेल्या असतील तर इतर कोणत्याही तपासणीतून नीट अर्थ लागत नाही. याशिवाय वीज नसताना बंद राहणारे बरेच नवे अ‍ॅक्च्युएटर बसवायला सोपे जावेत म्हणून कारखान्यातून किंचित उघडे येतात आणि पहिल्यांदा काही मिनिटे वीज मिळाल्यावरच त्यांना उघडे धरणारी खीळ सुटते. ज्या खोलीचा थर्मोस्टॅट कधी चालूच केला नाही, तेथे ते तसेच उघडे राहू शकतात.

प्रश्नकर्ता
वायरी योग्य निघाल्या. शयनखोलीच्या लूपमधून मात्र मिनिटाला जवळपास एक लिटर पाणी जात होते आणि टोपी आवळताच ते थांबले. अ‍ॅक्च्युएटर शेजारच्या लूपवर लावून पाहिला, तर दोष त्याच्यासोबत तिकडे गेला. नवा मागवला आहे. बोळाचे कोडे मात्र सुटलेले नाही.

पहिले उत्तर देणारे
मॅनिफोल्ड बोळाच्या टोकाशी असेल, तर सर्व खोल्यांचे जाणारे-येणारे पाइप बोळाखालूनच गेलेले असणार. सहा लूपचे बारा पाइप एका अरुंद पट्ट्यात आले की ती जागा आपोआप तापते आणि तिला थर्मोस्टॅटने आवरता येत नाही. फरशी घालण्यापूर्वी त्या पाइपांवर इन्सुलेशनची नळी चढवायला हवी होती. आता फरशी उकरण्याइतका हा त्रास मोठा वाटत नाही. पाण्याचे तापमान उतरवण्याचा तुमचा विचार येथे मात्र उपयोगी पडेल. मिक्सिंग व्हॉल्व्हवर (बॉयलरच्या पाण्यात परतीचे गार पाणी मिसळणाऱ्या व्हॉल्व्हवर) ते दोन-तीन अंशांनी कमी करा, सर्वांत गार खोली पुरेशी तापते का ते दोन दिवस पाहा, आणि तापत असेल तर आणखी उतरवा.

प्रश्नकर्ता
मॅनिफोल्ड बोळाच्या टोकाशीच आहे. व्हॉल्व्ह ५० वर होता, आज ४७ वर आणला.